पाटलाकडचे पाहुणे

सिनेमावाल्यांना बौद्ध वस्तीतली खरीखुरी माणसं हवी होती, आणि ती पुरवायचा शब्द कारभारी पगारे यांनी द्वारका चौकातल्या एका हॉटेलात मिसळ खाता खाता देऊन टाकला. समोरच्या बाकड्यावरचा सिनेमावाला हॉटेलच्या मालकाला "इथं हरिजन बस्ती कुठंय?" असं विचारत होता. पगाऱ्यांनी चमचा खाली ठेवला. "हरिजन म्हणू नका, बौद्ध म्हणा," ते म्हणाले, "आणि माणसं मी देतो."

पगारे पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. सातपूरच्या मागे असलेल्या त्यांच्या कॉलनीत कारखान्यातले कामगार, कारकून आणि मास्तर राहत. टीव्ही फक्त पगाऱ्यांकडे होता. त्यामुळे कॉलनीच्या वतीने शब्द द्यायचा अधिकार आपल्याला आहे, असं त्यांना वाटे.

"पण सिनेमा कशावर आहे?" त्यांच्या पत्नीने, चांगुणाबाईंनी विचारलं. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या.

"आपल्यावरच. जुन्या काळी झालेला अन्याय दाखवणार आहेत. आजवर आपला माणूस पडद्यावर दिसला कधी? दिसला तर गडी म्हणून, नाहीतर मेलेला. आता आपलं काम आपण करायचं."

"मग नेसू काय?"

"चांगलंच नेस. सिनेमात जायचंय."

हा निरोप चांगुणाबाईंनी कॉलनीभर पोचवला आणि तिथेच पहिली गडबड झाली.

रविवारी सकाळी ट्रक शूटिंगसाठी घेतलेल्या एका जुन्या वाड्यासमोर थांबला, तेव्हा त्यातून वरात उतरल्यासारखी माणसं उतरली. म्हाताऱ्या भिमाबाईंनी सुनेचा शालू नेसला होता. कारखान्यातला लहानू काळा गॉगल लावून आला होता. बायकांच्या डोक्यात गजरे, पुरुषांच्या कपड्यांना कडक इस्त्री. पगारे स्वतः सफारी सूटमध्ये होते. दाढीवाल्या दिग्दर्शकाने एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा आपल्या सहायकाकडे.

"हे कोण?"

"सर, वस्तीतली माणसं. ओरिजिनल आहेत."

"ओरिजिनल असतील, पण वाटत नाहीत ना!"

मेकअपवाला एका घमेल्यात माती कालवून घेऊन आला. सोबत फाटक्या कपड्यांचं गाठोडं होतं. तो भिमाबाईंच्या गालाला हात लावणार, तोच त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"काय करतो रे?"

"मावशी, गरीब दिसायला पाहिजे."

"गरीब होतो म्हणून काय तोंडाला चिखल फासून हिंडत होतो का? माझी आय रोज नदीवर डोक्यावरून न्हायची. ही माती तुझ्या तोंडाला लाव आधी."

त्यांच्यामागच्या सगळ्या बायकांनी पदर घट्ट आवळले. लहानूने गॉगल काढायला नकार दिला. दिग्दर्शक डोकं धरून खुर्चीत बसला. ऊन चढत होतं, कॅमेरा भाड्याचा होता, आणि पाटलाच्या घरच्या लग्नात पाहुणे होणारी मंडळी नाटक कंपनीच्या बसमधून यायची होती, ती बस वाटेत बंद पडली होती.

नेमके तेव्हाच खंडेराव बोराडे झेंडूच्या माळांचे भारे घेऊन आत आले. त्यांचा मळा पगाऱ्यांच्या कॉलनीला लागूनच होता, आणि लग्नाच्या मांडवासाठी फुलं पुरवायची त्यांनी कबूल केली होती. पहाटेपासून फुलं तोडून त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. अंगात फाटकं बनियन, डोक्यावर गोणपाटाची खोळ. शिवाय त्यांचे डोळे आले होते, त्यामुळे ते लालबुंद होऊन सारखे पाझरत होते.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "हा चेहरा! या डोळ्यांत पिढ्यान् पिढ्यांचं दुःख आहे!"

"सर, तो फुलवाला आहे," सहायक म्हणाला.

"असू दे. हा आपला म्हातारा. आणि ही सजलेली मंडळी पाटलाकडचे पाहुणे. संपला प्रश्न!"

प्रश्न त्याचा संपला. पगाऱ्यांना धोतर नेसवून डोक्यावर फेटा चढवला आणि वाड्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं. भिमाबाईंना पाटलाची आत्या म्हणून पुढच्या रांगेत पाट मिळाला, त्यावर त्या खूश झाल्या. लहानूला मात्र गॉगलसकट खांबाआड बसवलं.

"आन् माझं काम कशाचं?" खंडेरावांनी विचारलं. "शेतकऱ्याचं हाय ना?"

"तसंच, काका," सहायक म्हणाला. "घोंगडी घ्यायची, पायरीपासून लांब उभं राहायचं आणि शिळी भाकरी मागायची. ते वरून ओरडतील, मग तुम्ही वाकायचं."

खंडेराव बोराडे म्हणजे घरात पाटीलकी नांदलेला माणूस. आपण कोण झालो आहोत हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं, आणि त्यांनी आधी बघ्यांच्या गर्दीत कोणी भाऊबंद नाही ना, हे पाहून घेतलं. नाही म्हणावं, तर वर पायरीवर शेजारचे पगारे साहेब उभे. हे काम मला कमीपणाचं वाटतं, असं त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? खंडेरावांनी मुकाट्याने घोंगडी खांद्यावर घेतली.

पगाऱ्यांचीही तीच गत. माणसं पुरवायचा शब्द त्यांनीच दिलेला. आणि ओरडायचं वाक्य नेमकं त्यांच्याच वाट्याला आलं, कारण सगळ्यांत रुबाबदार फेटा त्यांना बसला होता.

"ॲक्शन!"

"जरा मागे व्हा, खंडेराव," पगारे म्हणाले.

"कट! साहेब, हा विनंती अर्ज नाही. हाकला त्याला!"

दुसऱ्या वेळी पगारे म्हणाले, "कृपया मागे सरा." तिसऱ्या वेळी त्यांनी नुसताच फेटा सावरला. दिग्दर्शक जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या गावचा पाटील आठवतो ना? तो आठवा."

आठवायला फार लांब जावं लागलं नाही. पगाऱ्यांनी डोळे मिटले. निफाडकडचं आपलं गाव, तो ओटा आणि खाली उभा असलेला बाप त्यांना दिसला. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांचा नव्हताच.

"ए! मागं सर! सावली पाडतो व्हय पायरीवर? कातडं सोलीन!"

दिलेल्या वाक्यात कातडं नव्हतं. खंडेरावांचे गुडघे आपोआप वाकले, मान खांद्यात गेली, आणि ते न वळता, उलट्या पावलांनी मागे मागे सरत गेले. हेही त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"कट! वा! अप्रतिम!" दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. बाकी कोणीच वाजवल्या नाहीत. चांगुणाबाई मांडवात मान खाली घालून, गजऱ्यातून गळलेली फुलं वेचत बसल्या होत्या.

परतताना पगारे ट्रकच्या एका टोकाला बसले आणि खंडेराव दुसऱ्या टोकाला. त्यानंतर पगारे सकाळी फिरायला मळ्याच्या बांधाने जायचे, ते सडकेने जाऊ लागले. खंडेराव कॉलनीतल्या नळावर हातपाय धुवायला यायचे, ते यायचे बंद झाले. मी त्यांना असं बोललो, असं एकाला वाटे. मी ते काम करताना लाजलो हे त्यांना कळलं, असं दुसऱ्याला वाटे. लाजेपायी दोघं एकमेकांना टाळत राहिले.

सिनेमा थेटरात काही लागला नाही. पगाऱ्यांना हायसं वाटलं. पण पुढे एका शनिवारी संध्याकाळी तो टीव्हीवर आला, आणि टीव्ही कॉलनीत एकच होता. पगाऱ्यांची खोली, ओटा, खिडक्या माणसांनी भरून गेल्या. तो प्रसंग कापला असेल, अशी पगाऱ्यांना आशा होती. कापला नव्हता. त्यांचं तोंड सबंध पडद्यावर आलं आणि कातड्यासकट वाक्य ऐकू आलं.

"अगं बया," भिमाबाई म्हणाल्या, "हा तर हुबेहूब आमच्या गावचा पाटील!"

"काम लय भारी केलं, साहेब," लहानू चाचरत म्हणाला.

"जरा जास्तच भारी केलं," चांगुणाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा बराच वेळ आला नाही.

पुढच्या आठवड्यात मालेगावहून दोन तरुण मोटारसायकलवर आले. जयंतीच्या कार्यक्रमात सिनेमातल्या म्हाताऱ्या कलावंताचा सत्कार करायचा म्हणून ते पत्ता शोधत होते. पगाऱ्यांनी दार उघडताच ते दोघे एक पाऊल मागे सरले.

"तुम्ही... ते पायरीवरचे ना? तुम्ही या कॉलनीत कसे?"

"मी इथंच राहतो."

"आपल्या लोकांनी तुम्हाला घर भाड्यानं दिलं?"

"मी तुमच्यातलाच आहे," एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं, तर पुढचा प्रश्न आला असता: मग असं ओरडलात कसे? पगाऱ्यांनी नुसतं बोट करून मळा दाखवला.

खंडेरावांनी तरुणांना खूप सांगून पाहिलं, की बाबांनो, मी तो नव्हे. तरुणांना तो त्यांचा विनय वाटला. शेवटी खंडेराव पगाऱ्यांच्या दारात आले.

"साहेब, तुमी संगं चला. मला एकट्याला जायची हिंमत न्हाय."

मालेगावात मोठा मंडप होता. पगारे तोंडाला उन्हाचा रुमाल बांधून मागच्या रांगेत बसले. खंडेरावांच्या गळ्यात हार पडला. सिनेमाने आपलं खरं रूप पहिल्यांदा दाखवलं, असं एक वक्ता म्हणाला आणि टाळ्या झाल्या. मग नवसाबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत व्यासपीठावर चढली. तिने खंडेरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

"मना बाप असाच वाके रे, भाऊ," ती आपल्या बोलीत बापाविषयी म्हणाली.

खंडेरावांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. ते सुटेनात. माईक समोरच होता.

"आजी, मी तुमच्यातला न्हाय," ते म्हणाले. "मी बोराडे. आमच्याकडं पाटीलकी व्हती. मी फुलं घेऊन गेलतो, त्यांनी मलाच उभं केलं."

मंडपात चुळबुळ झाली. ते दोन तरुण एकमेकांकडे पाहू लागले. नवसाबाईने हात सोडले नाहीत.

"मंग इतलं बरोबर वाकनं कोठे शिकना तू?"



"आमच्या ओट्यावर बसून, आजी. माझ्या आज्यापुढं लोक वाकायचे. मी पोर व्हतो. हसायचो."

कोणीतरी मागून ओरडलं, "आणि तो पायरीवरचा? तो कोण होता?"

खंडेरावांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. पगारे उठून उभे राहिले आणि त्यांनी तोंडावरचा रुमाल सोडला.

"मी," ते म्हणाले. "कारभारी पगारे. मी तुमच्यातला."

नवसाबाईने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि अचानक बोळक्या तोंडाने हसायला लागली. "बाय माय! समदं उलटंच करी टाकं यास्नी!" मग अख्खा मंडप हसला. वक्ताही हसला. हसले नाहीत ते फक्त दोघेच.

परतीच्या एस.टी.त ते एका बाकावर बसले. चांदवडचा घाट गेला. मग खंडेरावांनी खिडकीतून बाहेर पाहत म्हटलं, "साहेब, त्या दिशी तुमी लय जोरात वरडले व्हते."

"हो."

"मला खरंच भ्या वाटलं."

"मलापण," पगारे म्हणाले.