पुनाजीची लिंबं

धामणखेड्याच्या हायस्कुलात मारामारी होत नसे. तसा ठरावच झालेला होता. ठरावाला अनुमोदन कोणी द्यायचं यावरून दोन शिक्षकांत हातघाई होऊन एकाच्या सदऱ्याची बाही उसवली. पण ते ठराव मंजूर होण्यापूर्वी घडलं, म्हणून धरलं नाही. शाळेच्या दारावर गेरूनं 'अहिंसक शाळा' असं लिहून घेतलं. हेडमास्तर अण्णाजींनी वेताची छडी भर सभेत गुडघ्यावर मोडली आणि तिचे दोन्ही तुकडे कार्यालयाच्या कपाटात जपून ठेवले.

सेवाग्राम तिथून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. अण्णाजी एकदा तिथं जाऊन मुक्काम करून आले होते. तेव्हापासून ते जाडंभरडं नेसत, शेंगदाणे फार वेळ चावत, आणि विद्यार्थी चुकला की स्वतःला शिक्षा करून घेत. शाळेत प्रत्येक पोरानं टकळीवर सूत कातून दर शनिवारी त्याची एक गुंडी, म्हणजे लड, जमा करायची. गुंडी नाही तर गुण नाहीत, आणि सुताचे गुण नाहीत तर वरचा वर्ग नाही. अण्णाजींचं धोतर याच सुताचं होतं.

त्यामुळे घनश्याम एका शनिवारी फुटलेलं नाक घेऊन घरी आला, तेव्हा त्याचा बाप पुनाजी बुचकळ्यात पडला.

"तुह्या शाळेत मारत नाईत ना? मंग हे रगत काहाचं?"

"हरिदासनं गुंडी मागतली. मी देल्ली नाई."

पुनाजी टेकडीपलीकडच्या गोंडांच्या वस्तीतला. थोडी ज्वारी पिकवावी, जंगलातून मोळी आणावी, असं त्याचं चालायचं. जंगल खात्याचा कागद आला की वस्तीतल्या माणसाला गावात जाऊन कोणाच्या तरी ओसरीखाली बसावं लागे. मालकांचं जेवण व्हायचं, झोप व्हायची, पान व्हायचं, मग कागद वाचून मिळायचा. घनश्याम मॅट्रिक झाला की वस्तीचं हे बसणं संपणार होतं. पोरगं नववीपर्यंत पोचलं होतं. पुनाजीला दुसरं काही नको होतं.

हरिदास म्हणजे बाबारावांचा मुलगा. बाबाराव जिनिंगचे मालक आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. साऱ्या पंचक्रोशीचा कापूस त्यांच्या फाटकातून आत जाई, पण त्यांच्या चिरंजीवाला टकळी कुठून धरायची ते ठाऊक नव्हतं. तरीही वर्गात सगळ्यांत जास्त सूत हरिदासचं. त्याची पद्धत साधी होती. शनिवारी सकाळी तो शाळेच्या विहिरीजवळ उभा राही आणि येणाऱ्या पोरांना कोपरानं, गुडघ्यानं सूत मागे. अहिंसेचं धोतर अशा रीतीनं विणलं जात होतं.

सोमवारी पुनाजी शाळेत गेला.

"या, पुनाजीभाऊ, बसा," अण्णाजी म्हणाले. "अंहं, खाली नाही. खुर्चीवर. आमच्याकडे सगळे समान आहेत."

पुनाजी खुर्चीच्या काठावर बसला आणि घडलं ते त्यानं सांगितलं. अण्णाजींनी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळानं उघडले तेव्हा ते ओले होते.

"दोष हरिदासचा नाही."

"मंग घनश्याचा का, गुरुजी?"

"त्याचाही नाही. माझा आहे. माझ्यातच कुठं तरी हिंसा शिल्लक असली पाहिजे. हरिदासला पश्चात्ताप होईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही."

पुनाजी घाबरला. "गुरुजी, त्याले दोन शब्द बोलले असते तरी भागलं असतं."

"शब्दानंही हिंसा होते, पुनाजीभाऊ."

घरी त्याची बायको सखू भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"थांबा जरा. मारलं हरिदासनं. नाक फुटलं आपल्या पोट्ट्याचं. अन् उपाशी मास्तर?"

"हाव."

"अन् हरिदास?"

"तो जेवला असन."

सखूनं भाकरी उलटली. "मोठी शाळा हाये बाप्पा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी झाली. अण्णाजींची खाट व्हरांड्यात आणली गेली. सकाळी प्रार्थना, दुपारी भजन, संध्याकाळी प्रकृतीचं निवेदन. आसपासच्या गावांतून लोक बंड्या जुंपून दर्शनाला यायला लागले. फाटकाशी फुटाण्याची आणि मुरमुऱ्याची दुकानं लागली. गर्दी आवरायला स्वयंसेवक दल उभारणं भाग पडलं, आणि दलाचा नायक अंगानं दणकट, आवाजानं भारी आणि लोकांना मागं ढकलण्यात तरबेज असावा लागतो, म्हणून हरिदासला नेमलं. दंडाला फीत बांधून तो फार मन लावून काम करी. त्या आठवड्यात त्यानं जितक्या लोकांना ढकललं तितक्यांना एरवी वर्षभरात ढकलता आलं नसतं, आणि सगळं सेवेत जमा झालं.

वर्ध्याहून डॉक्टर आले. त्यांनी अण्णाजींची नाडी पाहिली, जीभ पाहिली. जाताना त्यांची नजर घनश्यामच्या सुजलेल्या नाकावर गेली. "गर्दीत असं व्हायचंच," म्हणाले, आणि मोटारीत बसले.

अण्णाजींचा आवाज खोल गेला तसा गावाचा आवाज चढला. गुरुजी का उपाशी आहेत? तक्रार झाली म्हणून. तक्रार कोणी केली? पुनाजीनं. हरिदासचं नाव या हिशेबात कुठंच लागत नव्हतं. कमिटीचे सेक्रेटरी मधुकरराव चार माणसं आणि एक बैलबंडी घेऊन वस्तीवर आले.

"पुना, तू मानूस हायेस का कसाई?"

"मी काय केलं, मालक?"

"तक्रार केली ना!"

"पोराले मारलं म्हून केली."

"मार काय, दोन दिसांत भरते. उपाशी मानूस मेला तं भरते का? सांग!"

पुनाजीला हे पटल्यासारखं झालं. तरी तो म्हणाला, "मंग हरिदासले सांगा ना, मालक. पस्तावा कर म्हना. एका घडीचं काम."

मधुकररावांनी कपाळाला हात लावला. "अरे, जबरदस्तीनं करवला तं तो पस्तावा होते का? ते हिंसा होते. गुरुजीच म्हनते. आता कोनाले तरी पस्तावा झाला पाह्यजे, एवढंच हाये. घनश्याले होऊ दे."

"अन् घनश्यावर जबरदस्ती नाई का होत?"

"कोन करून राह्यलं जबरदस्ती? त्यानं आपखुशीनं यावं. न्यायले बंडी आनली हाये."

चार माणसांनी घनश्यामला आपखुशीनं बंडीत बसवलं. पुनाजी मागून चालत गेला.

समारंभ थाटात झाला. घनश्यामनं काय बोलायचं ते मराठीच्या शिक्षकांनी लिहून दिलं होतं. सुजक्या नाकातून त्यानं ते वाचलं: "माझं सूत फार बारीक आणि सारखं येत असल्यामुळे हरिदासच्या मनात मोह उत्पन्न झाला. त्याच्या हातून जे झालं त्याला माझं सूत जबाबदार आहे. यापुढे मी जाड सूत कातीन." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाबारावांनी स्वतःच्या बागेतली संत्री आणवली होती. रसाचा पेला अण्णाजींच्या ओठाशी कोणी न्यावा? दलाचा नायक म्हणून हरिदासनं नेला. गावात त्याचं कौतुक झालं. पेला परत ठेवायला जाताना तो घनश्यामच्या कानाशी वाकला. लोकांना वाटलं, आलिंगन देतोय.

"आता सांगजो बरं कोनाले," हरिदास म्हणाला. "म्हातारा मेला तं तुह्या नावावर."

पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून कमिटीची बैठक भरली. मारामारीचं मूळ सुतात आहे, हे सिद्ध झालेलंच होतं. सूत मागावं लागतं, मागितलं की कोणी देत नाही, दिलं नाही की हात उचलावा लागतो. तेव्हा न मागताच दिलं तर हात उचलण्याचं कारणच उरत नाही. असा विचार होऊन 'सूतदान' सुरू झालं. दर शनिवारी पोरं विहिरीजवळ रांगेत उभी राहत आणि आपापली गुंडी हरिदासच्या झोळीत टाकत. कुठं आवाज नाही, कुठं रक्त नाही. तपासणीला आलेले साहेब ती रांग पाहून गहिवरले. त्या वर्षी सूतकताईत जिल्ह्यात पहिला नंबर हरिदासचा आला आणि त्याला बक्षीस म्हणून चरखा मिळाला. तो कसा फिरवायचा हे एका पोरानं त्याला दाखवलं, तेव्हा त्यानं त्या पोराला एकच टपली मारली. मोठीच सुधारणा होती.

पोरंही शहाणी झाली. कोणाचा ओठ फुटला तर मास्तरांनी विचारायच्या आत सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "पडला, गुरुजी!" आणि अण्णाजी दोन वेळा पोटभर जेवत.

अडचण एवढीच झाली की वार्षिक परीक्षा तोंडावर आली तेव्हा घनश्यामच्या नावावर सूत नव्हतं. सगळं वर्ष त्यानं कातण्यातच काढलं होतं, पण सगळं दान झालं होतं. इंग्रजीत पास, गणितात पास, सुतात भोपळा. दहावीत बसवणार नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं.

तो घरी येऊन कोपऱ्यात बसला. मग रात्री चुलीच्या उजेडात त्यानं टकळी काढली. पुनाजी कापसाचे पेळू हातात देत राहिला. शेवटच्या शनिवारी घनश्याम एक गुंडी झोळीत टाकायला आणि एक आपल्या नावावर लावायला, सदऱ्याच्या आत पोटाशी, अशा दोन घेऊन शाळेत गेला.

हरिदासला पोटाशी फुगलेलं दिसलं. त्यानं सदरा ओढला, गुंडी उपसली आणि नेहमीच्या सवयीनं गुडघा घातला. घनश्यामनं त्याच्या कानाखाली एक वाजवली. एकच. पण वर्षभराचं कातलेलं त्या हातात होतं. हरिदास खाली बसला आणि अहिंसक शाळेत पहिल्यांदाच मारामारी झाली.

बातमी वस्तीवर पोचताच पुनाजी उठून परसातल्या लिंबाच्या झाडाशी गेला आणि चांगली पिवळी लिंबं तोडून शेल्यात बांधू लागला.

"पोरगं तिकडं अडकलं, अन् तुमी लिंबं काऊन तोडून राह्यले?" सखू म्हणाली.

"मास्तर उपाशी बसतीन ना! आपला पोट्टा चुकला. घनश्या झटक्यात पस्तावा करीन, अन् मी झटक्यात शरबत देईन. जीव कासावीस नाई व्हाचा त्यायचा. संत्री कुठून आनू?"

तो जवळजवळ धावतच गेला. कार्यालयात अण्णाजी पाटावर बसून पिठलं-भाकरी खात होते. बाजूला घनश्याम उभा होता. त्याच्या दोन्ही तळहातांवर वळ उठले होते. टेबलावर छडी होती. तिचे दोन तुकडे एकमेकांना घट्ट बांधले होते, बारीक, सारख्या सुतानं.

"गुरुजी," पुनाजी दारातच थांबला, "तुमी जेवून राह्यले?"

"जेवणाची वेळ आहे, पुनाजीभाऊ."

"पन माह्या पोरानं मारलं ना हरिदासले. तुमच्यातली ते हिंसा..."

अण्णाजींनी घास गिळला. "हे पाहा, उपोषण समजुतीसाठी असतं. हरिदास समजदार घरातला आहे. याला समजेल अशी भाषा वेगळी आहे. आणि शाळेला शिस्त नको का?" त्यांनी डाव्या हातानं एक कागद पुढं सरकवला. पुनाजीला त्यांनी या वेळी खुर्ची दिली नाही. जेवताना सुचलं नसावं.

बाहेर येऊन पुनाजीनं कागद पोरापुढं धरला. "वाच."

घनश्यामनं वाचला. शाळा सोडल्याचा दाखला होता. वर्तणूक: हिंसक. कोणाच्याही ओसरीखाली न बसता पुनाजीनं वाचून घेतलेला तो पहिला कागद. पोरगं छान वाचत होतं, कुठंही अडखळलं नाही.

पुनाजीनं पोराला घरी पाठवलं आणि स्वतः शाळेच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली बसला. साऱ्या गावाला हलवणारं औषध त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पोराला परत घेईपर्यंत तो अन्नाला शिवणार नव्हता. उपोषण सोडवायला कोणी आलं तर अडचण नको, म्हणून त्यानं शेला पसरून लिंबं समोर नीट मांडली.

पहिला दिवस गेला, दुसराही गेला. खाट आली नाही, भजन झालं नाही. पुनाजीसारखा माणूस उपाशी आहे, हे ओळखायचं कसं, हा प्रश्नच होता. तो आधी जसा दिसायचा तसाच दिसत होता. मग मधुकरराव आले. वाकून त्यांनी एक लिंबू दाबलं.

"काय पुना, कशी देल्ली?"

"विकाची नाईत, मालक. मी उपाशी बसलो."

"हाव, बोहनी झाल्याबिगर कोन जेवते!" मधुकरराव म्हणाले आणि हसत पुढं गेले.

संध्याकाळी अण्णाजी फिरायला निघाले. लिंबं पाहून ते थबकले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा, पुनाजीभाऊ! स्वावलंबन. शाळेत जे साधलं नाही ते इथं साधलं." त्यांनी हात जोडले. पुनाजीनंही जोडले. बोलायला तोंड उघडेपर्यंत ते वळणावर पोचले होते.

त्यानंतर थोड्याच वेळानं तुम्हीही त्या वाटेनं आलात. गडबडीत होता, तरी थांबलात. एक लिंबू उचलून दाबलंत, नाकाशी नेलंत. लिंबांमागं बसलेला म्हातारा काही तरी पुटपुटत होता, भाव सांगत असेल. "सुकली आहेत," म्हणालात आणि लिंबू परत ठेवलंत. ठेवलंत मात्र अगदी अलगद. आपल्याकडे कोणी कोणाला दुखवत नाही. तसा ठरावच झालेला आहे.