शकूआत्याची पब्लिक

जबलपूरच्या बाजारात, कमानिया गेटपाशी बांगड्या घेता घेता माझी शकूआत्या दुकानदाराला विचारते, "भैया, गाने के आख़िर में हीरोइन मर जाए, तो आप पूरा देखोगे?" हातात हिरव्या बांगड्या, चेहरा एकदम सरकारी. दुकानदार बिचारा गडबडतो. एकानं तर काळजीनं विचारलं, माताजी, घर में सब ठीक है ना? आत्या म्हणाली, घर छोड़ो, जवाब दो.

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिची सारी नोकरी इथल्या डिफेन्सच्या फॅक्टरीत, तपासणी खात्यात झाली. खोक्यातला एक नग उचलायचा, ठोकून-वाजवून पाहायचा आणि मग सगळा लॉट पास की रिजेक्ट ते सांगायचं. रिटायर झाली, सवय काही गेली नाही. ठेल्यावरची एक भेंडी मोडून ती भाजीवाल्याचा अख्खा ठेला नापास करते. माझ्यासाठी मुलगी पाहायला आली, तेव्हा तिच्या हातची एकच पोळी खाऊन म्हणाली होती, "चलो, लॉट पास." माझी बायको ते अजून विसरलेली नाही, आणि भांडणात मला बरोबर आठवण करून देते.

तर या बाईनं म्युझिक व्हिडिओ काढायचं मनावर घेतलं. गाणं घरचंच. माझी आजी वेणी घालताना ते म्हणायची, आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. आत्याला ते ऐकवायचं होतं पिहूला. पिहू तिची नात, सोळा वर्षांची. मुलगा-सून नोकरीवर गेले की दिवसभर घरात या दोघीच. आत्या मराठीत विचारणार, पिहू कानातला इयरफोन न काढता "हाँ आजी" म्हणणार, की झालं दोघींचं बोलणं.

"आजकालची पोरं गाणं ऐकत नाहीत, पाहतात," आत्या मला म्हणाली. "मग पाहायला काही तरी द्यावं ना. पिहूनं हे गाणं एकदा शेवटपर्यंत पाहिलं, बस. मला दुसरं काही नको."

पण सँपल घेतल्याशिवाय आत्या पाऊल टाकेल तर शपथ. आधी पब्लिकला काय आवडते ते कळलं पाहिजे. झालं, माझी स्कूटर आणि मी दोघंही कामाला लागलो. सराफ्यातला सोनार म्हणाला, दागिने जवळून दिसले पाहिजेत. पानवाल्याला बेवफाई हवी होती. ऑटोवाल्याचं म्हणणं, बोल कसेही चालतील, सीट हलली पाहिजे. मझौलीला एका लग्नात आत्या जेवायचं सोडून डीजेवाल्याच्या शेजारी उभी राहिली, कोणत्या गाण्यावर लोक नाचायचे थांबतात ते पाहायला. नवरीच्या आईला वाटलं, ही आवाज कमी करायला सांगून राहिली. तिनं डीजे बंदच करवला. वऱ्हाडी आमच्याकडे असे पाहायला लागले की मी स्कूटर काढली.

घरी येऊन आत्या व्हिडिओ पाहायची आणि नियम काढायची. दुःखी गाण्यात पाऊस पाहिजे आणि छत्री कोणाजवळच नको. भक्तीच्या गाण्यात धूर. गावाकडच्या गाण्यात जीप, आणि जीपच्या बॉनेटवर बसलेला एक तरी माणूस. रॅप मात्र तिच्या पचनी पडेना. "हा पोरगा कॅमेऱ्यावर काहून भडकून राहिला? कॅमेऱ्यानं त्याचं काय केलं?" मी म्हटलं, आत्या, तशी पद्धत असते. तिनं मान हलवली आणि रॅपही पास केला. पब्लिक म्हणते तर पब्लिक खरी.

शेवटी लग्नाचं शूटिंग करणारा बबलू गाठला. व्हिडिओत मग काय नव्हतं! नर्मदेवर ड्रोन, घाटावर जीप, जीपमागे धूर, टँकरनं पाडलेला पाऊस आणि मधोमध कॅमेऱ्यावर चिडलेला बबलूचा भाचा. वेणीचं गाणं, पण वेणी कुठंच नाही. गायिकाही भाड्याची, कारण पब्लिकला म्हातारा आवाज चालत नाही असं आत्याच्या तपासणीत निघालं होतं.

त्यात एक कडवं अडलं.

"कोवळं ऊन गं, मोकळे केस,
माझ्याजवळ बाळे, घडीभर बैस."

बाजारात ज्याला ज्याला ऐकवलं, तो म्हणाला, समझ में नहीं आया. आत्यानं स्वतःच्या आईचं कडवं स्वतःच रिजेक्ट केलं आणि तिथं हिंदी ओळी टाकल्या. त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो. मला राहवेना. मी म्हटलं, साऱ्या गावाला विचारते, घरातल्या पोरीला काहून विचारत नाही?

आत्या बराच वेळ मीठच शोधत राहिली. मग म्हणाली, "साऱ्या जबलपूरनं नाही म्हटलं तर चालते रे. ती नाही म्हणाली, तर मी कोणाकडे पाहू?"

मी मिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

रविवारी सकाळी व्हिडिओ तयार होऊन आला. आत्यानं फोन पिहूच्या हातात दिला आणि स्वतः खाली चटईवर तांदूळ निवडायला बसली. तांदूळ निवडलेलेच होते. पिहूनं पाहिला, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाली, "मस्त है आजी." आत्यानं श्वास सोडला, मीही सोडला. जिंकलो म्हणायचं आम्ही.

पण पिहू फोन परत देईना. तिनं गाणं मागं नेलं, पुन्हा ऐकलं. "आजी, वो वाली लाइन कहाँ गई?"

"कोणती गं?"

पिहूनं कानातले इयरफोन काढले आणि गुणगुणली, "कोवलं ऊन गं, मोकले केस, माझ्याजवल बाले, घडीभर बैस." सूर अगदी माझ्या आजीचा. ळ एकही नाही.

आत्याचा हात तांदळातच थांबला. "तुला येते हे?"

"बचपन में रोज़ तो गाती थीं आप, मेरी चोटी बनाते टाइम. मुझे लगा अब आपको याद नहीं." मग थोडं रागावूनच म्हणाली, "पूरे शहर से पूछ लिया. मुझसे तो पूछा ही नहीं."

आत्याला रडू फुटलं. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पिहू खुर्चीवरून उतरली, तांदळाचं ताट बाजूला सरकवलं, आत्याच्या पुढ्यात पाठ करून बसली आणि केसांची क्लिप काढून तिच्या हातात दिली.