याकोबवाल्यांची पंगत

"बटाटा आहे त्यात. नीट ढवळून बघ," आर्लीन नवऱ्याला म्हणाली.

एल्वुड उम्बेनहाऊरनं पातेल्याच्या तळापर्यंत डाव फिरवला. बटाटा निघाला, तोही अर्धा. कोंबडी संपली होती, चकोल्या संपल्या होत्या. उम्बेनहाऊर घराण्याच्या वार्षिक मेळाव्यात त्याच्या वाट्याला जन्मभर हेच आलं होतं: पिवळा रस्सा, आणि त्यानंतर भांडी.

कारण घराण्याचा नियम. पेन्सिल्व्हेनियावर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हा मूळपुरुष हान्स वेंडेल उम्बेनहाऊर जर्मनीतून जहाजानं आला आणि बर्क्स काउंटीत जंगल तोडून शेती करू लागला. त्याला सहा मुलगे. दर ऑगस्टमध्ये चर्चमागच्या ओकच्या झाडांखाली मेळावा भरतो, तेव्हा जेवणाची रांग या मुलग्यांच्या क्रमानं लागते. थोरल्या फिलिपचे वंशज लाल फिती लावून सगळ्यांत पुढे, धाकट्या याकोबचे सगळ्यांत शेवटी. शेवटी जेवणाऱ्यांनी भांडी घासायची, हेही त्याच नियमात आलं. याकोबवाल्यांत आता एकटा एल्वुडच उरला होता. त्याचा मुलगा ॲरिझोनात जाऊन बसला होता आणि पातेली घासायला तिथून यायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

"मरायच्या आधी एकदा तरी मला पहिलं ताट वाढून घ्यायचंय," एल्वुड हात पुसत म्हणाला.

"मग याकोबला फिलिपच्या आधी जन्माला घाल," आर्लीन म्हणाली.

ती बिचारी थट्टेत बोलून गेली. एल्वुडनं ते मनावर घेतलं. त्या हिवाळ्यात त्यानं कोर्टाची दप्तरं पालथी घातली, आसपासची चर्चं पालथी घातली. शेवटी शेवटी तर त्याची गाडी दिसली की चर्चमधल्या बायका आतून कडी लावून घेत. एवढं करून सहा भावांतला थोरला कोण, हे कुठंच सापडेना. सगळे फिलिपला थोरला म्हणायचे, कारण सगळे पहिल्यापासून तसंच म्हणत आले होते.

हान्स वेंडेलच्या थडग्याचा दगड कधीच नाहीसा झाला होता. उरला होता त्याच्या बायकोचा, अपोलोनियाचा. फिलिपवाले दरवर्षी त्यावरचं नाव तेवढं घासूनपुसून फुलं ठेवत. नावाखालचा दगड मातीत खचला होता आणि त्याची चौकशी करावी असं कुणाला वाटलं नव्हतं.

"खाली आणखी मजकूर असणार," एल्वुड म्हणाला. "आपल्या जुन्या लोकांना थोडक्यात आटपायची सवय कुठं होती?"

"तुझ्यात ती अजून आलेली नाही," आर्लीन म्हणाली.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी तो कुदळ घेऊन गेला. पास्टरना विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून त्यानं विचारलं नाही. तो दगड आजवर निव्वळ मातीच्या कृपेनं उभा होता. माती बाजूला होताच तो सावकाश मागे कलला आणि आडवा झाला. एल्वुडची बोटं वाचली, टोपी मात्र दगडाखाली गेली. वर आलेली अक्षरं शेवाळानं पार बुजली होती. अशा वेळी आमच्याकडे दगडावर पीठ चोळतात, म्हणजे अक्षर उठून दिसतं. एल्वुड घरी जाऊन आर्लीननं ॲपल-पायसाठी आणलेली पिठाची अख्खी पिशवी घेऊन आला आणि पणजीआजीला त्यानं घसघशीत पीठ चोळलं.

जुनी जर्मन अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. एकच शब्द लागला: याकोब.

"फिलिपचं नाव नाही, कुणाचंच नाही," तो घरी येऊन आर्लीनला सांगू लागला. "फक्त याकोबचं. का? तर तो थोरला म्हणून."

"किंवा वाह्यात म्हणून," आर्लीन म्हणाली. "माझं पीठ कुठाय?"

संध्याकाळी पावसाची सर आली आणि थडग्यावर कणीक मळली गेली. त्या वासानं शेजारच्या कुरणातल्या कालवडींनी कुंपण मोडलं. कालवडी मर्विन उम्बेनहाऊरच्या. मर्विन म्हणजे फिलिपवाल्यांचा कर्ता, मेळाव्याचा अध्यक्ष, आणि पहिलं ताट घेण्याचा ज्याला जन्मसिद्ध हक्क आहे असा मनुष्य. सकाळी तो कालवडी शोधत चर्चमागे आला, तेव्हा एल्वुड साखळी हातात घेऊन तिथं उभा होता.

"एल्वुड," मर्विन शांतपणे म्हणाला, "आपल्या पणजीआजीला कालवडी का चाटतायत?"

"पीठ लागलंय तिला."

"पीठ कशाला लावलंस?"

"वाचायला."

"आणि ती आडवी का पडलीय?"

"ते खणल्यामुळे."

मर्विननं टोपी काढली, पुन्हा घातली आणि ट्रॅक्टर आणायला गेला. साखळी बांधून दगड उभा करेपर्यंत पातेली, ॲपल-पाय आणि खुर्च्या घेऊन सगळं घराणं जमलं होतं. कालवडींच्या खरखरीत जिभांनी दोनशे वर्षांचं शेवाळ साफ केलं होतं. अक्षर न् अक्षर चकचकीत दिसत होतं. एल्वुडच्या अंगात वारं शिरलं. तो बाकावर चढला.

"पास्टर श्लेगल हे मोठ्यानं वाचतील. दगड सांगेल तो थोरला, आणि तोच पहिला जेवेल. कबूल, मर्विन?"

"कबूल," मर्विन लाल फीत सारखी करत म्हणाला.

पास्टर श्लेगल यांनी चष्मा चढवला. "'इथे अपोलोनिया विसावली आहे. तिचा पहिला पती कॉनराड क्लाइनफेल्टर जहाजावर वारला. त्याच्यापासून तिला पाच मुलगे झाले.'"

ते थांबले. त्यांनी तीच ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचून पाहिली.

"वाचा ना," मर्विन म्हणाला.

"'पुढे तिचा हान्स वेंडेल उम्बेनहाऊरशी विवाह झाला. त्याच्यापासून एक पुत्र: याकोब.'"

ओकखाली जमलेली शेदोनशे माणसं आपापल्या शाखेच्या फितींकडे पाहू लागली.

"पोरं लहान असणार," पास्टर हळूच म्हणाले. "सावत्र बापाचं नाव लावून मोठी झाली."

"म्हणजे याकोब थोरला नव्हताच," मर्विन म्हणाला.

"नव्हता," एल्वुड म्हणाला. "पण हान्स वेंडेलचा तो एकटाच. या अख्ख्या मैदानात उम्बेनहाऊर मी एकटा आहे रे."

त्याला खरोखर रडू आलं. मग त्यानं नाक पुसलं, ताट उचललं आणि छाती काढून पातेल्याकडे निघाला. पातेलं काठोकाठ भरलं होतं. वर कोंबडीचे तुकडे तरंगत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ते वरून दिसत होतं. त्यानं डाव हातात घेतला.

"एल्वुड," मर्विन मागून म्हणाला. त्यानं लाल फीत काढून खिशात घातली होती. "मेळावा उम्बेनहाऊरांचा. उम्बेनहाऊर तू एकटा. मग आम्ही सगळे कोण रे?"

"तुम्ही..." एल्वुडचा डाव हवेतच राहिला.

"पाहुणे. आणि पाहुण्यांच्या आधी यजमानानं जेवायचं, हे तुझ्या आईनं शिकवलं का तुला?"

एल्वुडची आई फार कडक बाई होती. त्यानं ताट खाली ठेवलं.

रांग लागली. आता क्रम नव्हता, फिती नव्हत्या, ज्याला जशी भूक लागली तसा तो पुढे येत होता. प्रत्येक जण ताट पुढे करून एल्वुडला म्हणत होता, "बोलावलंस, बरं वाटलं." पाहुण्यांना संकोच कसला, म्हणून पोरं दोनदोनदा येत होती. मर्विननं तर घरी न्यायला डबाही मागितला.

"पुढच्या वर्षी आम्ही हात हलवत येऊ," तो म्हणाला. "पाहुण्यांनी स्वयंपाक करून आणणं बरं दिसत नाही."

एल्वुड वाढत होता. पातेलं उतरत उतरत पिवळ्या रश्शापर्यंत आलं. पण निदान भांड्यांना दोन हात आणखी होते. त्यानं आधारासाठी शेजारी पाहिलं, तर आर्लीन तिथं नव्हती. ती कोंबडीनं भरलेलं ताट घेऊन मर्विनच्या बाकावर बसली होती.

"अगं, तू तिथं काय करतेयस?"

"मी फोगेलसांगरांची लेक," आर्लीन घास गिळून म्हणाली. "तुझ्या हान्स वेंडेलशी माझं रक्ताचं नातं नाही. साबण टेबलाखाली ठेवलाय."