पहिल्या इनिंगचे मोकाशीकाका

आमच्या शेजारच्या मोकाशीकाकांनी कित्येक वर्षांत बेसबॉलच्या नऊ इनिंगपैकी दुसरी पाहिलेली नाही. पहिली संपली की टीव्ही बंद. "शितावरून भाताची परीक्षा," असं म्हणून ते चहा टाकायला उठतात.

काका रिटायर्ड बॉयलर इंजिनियर. काकू गेल्यापासून एडिसन गावातल्या त्या मोठ्या घरात एकटेच असतात. शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच जण त्यांच्याकडे जमतो आणि फोनमधल्या ॲपवर एकच पैज लावतो: पहिल्या इनिंगमध्ये कुणाचा तरी रन होणार, की दोन्हीकडे शून्य? काका पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, नुसतं वॉर्मअप करताना बघतात. बुटाची लेस दोनदा बांधली तर "मन थाऱ्यावर नाही, रन जाणार." एकदाच बांधली तर शून्य. आणि हे बरोबर येतं!

मी डेटा सायंटिस्ट. माझ्या लॅपटॉपवर तीन सीझनचा डेटा आहे आणि लोक विचारतात काकांना. माझी बायकोसुद्धा म्हणते, "तू काकांचं का ऐकत नाहीस?" खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट होतो. काका शून्य म्हणाले की मी मुद्दाम रन लावतो आणि दर शनिवारी तोंडावर आपटतो.

गेल्या शनिवारी काका म्हणाले, "शून्य. डोळे मिटून लावा." मी रन लावला. काका बिस्किटं आणायला आत गेले, तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन उजळला. बघू नये, पण बघितलं. तिकडे लांब नेपरव्हिलला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, निखिलला, त्यांनी लिहिलं होतं, "आज मी रन. तुला शून्य." खाली निखिलचा अंगठा.

मला उकळ्या फुटल्या. चोर सापडला! मी बशी घ्यायच्या निमित्ताने किचनमध्ये गेलो आणि विचारलं, "काका, आम्हाला शून्य सांगता आणि स्वतः रन लावता?"

काका बिस्किटं मांडत राहिले. मग हळूच म्हणाले, "अरे, निखिलशी आमची वेगळी पैज आहे. हरेल त्याने फोन करायचा."

"मग मुद्दाम का हरताय?"

"अख्खा एप्रिल मी जिंकत होतो. फोन काही आला नाही," काका म्हणाले.

मी बश्या घेऊन बाहेर आलो. दोन्ही टीम खेळून झाल्या, रन नाही. सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली. पैज मीही हरलो होतो, पण त्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.

काकांनी टीव्ही बंद केला, चहाचं मला बघायला सांगितलं आणि फोन घेऊन मागच्या डेकवर गेले. काचेतून दिसत होते. व्हिडिओ कॉल लावण्याआधी त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि केस नीट बसवले.