नानांची करंगळी

नाना भाकरी करंगळीनं मोडायचे. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सुतळीनं एकत्र बांधलेलं, आणि उरलेल्या तीन बोटांची कळण्याच्या भाकरीशी झटापट. हॉटेलात कपही तसाच उचलायचे. तीन कप फुटल्यावर मालकानं त्यांच्यासाठी जर्मनचा पेला वेगळा ठेवला.

"हे काय सोंग, नाना?" मी विचारलं.

"तालीम शे," नाना म्हणाले. "या दोघांनी जन्मभर पगार खाल्ला. आता बाकीच्यांची भरती."

नाना म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. सुरत लाइनीवरच्या एका लहानशा स्टेशनात उमर काढून जळगावला येऊन राहिलेले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. नोकरीत असताना एका डब्यात त्यांना पियानोच्या स्वरलिपीची चार पानं सापडली. मालक कधी आलाच नाही. एका गार्डाची बायको चर्चमध्ये पेटी वाजवायची, तिच्याकडून नाना ती लिपी वाचायला शिकले. पुढे बाई देश सोडून गेली आणि नाना त्या चार पानांना चिकटले. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा परदेशी माणसानं बोटांच्या अभ्यासासाठी रचलेली ती चीज. नीट वाजवली तर दीड मिनिटात संपते. नाना तिच्यामागे नऊ वर्षं होते.

पियानो होता गोऱ्या साहेबांच्या जुन्या क्लबात. साहेब गेले, बाजा राहिला. माझा संबंध इथे येतो. त्या हॉलमध्ये सार्वजनिक वाचनालय व्हावं म्हणून आम्ही तरुणांनी चळवळ चालवली होती आणि पत्रकं मी लिहायचो. 'गावची पोरं सरकीच्या गोदामात अभ्यास करतात आणि साहेबाचा बाजा पंख्याखाली बसतो' हे वाक्य माझं. ते मला आजही खरं वाटतं.

त्या बाज्याची मापं घ्यायला मी गेलो, तर नाना बाकावर. समोर स्वरलिपी, आणि शेजारी त्यांनी स्वतः आखलेला तक्ता, गाड्यांच्या वेळांचा असतो तसा, तिरप्या रेघांचा.

"आलास तर शिकून जा," ते म्हणाले. "उजव्या हाताचे दोन भाग. अंगठा आणि शेजारचं बोट मधूनमधून नुसता ठोका देतात. बाकीची तीन पळतात. एकही पट्टी गाळायची नाही, काळी-पांढरी सगळी घ्यायची, वर आणि खाली, थांबा कुठेच नाही. घाट शे घाट."

मी ऐकून संतापलो. "म्हणजे दुबळ्यांनी अखंड राबायचं आणि अंगठ्यानं नुसती हजेरी लावायची. ही पिळवणूक आहे, नाना."

"मग काढ पत्रक. पहिलं करंगळीला वाचून दाखव."

त्यांचा अभ्यास असा: पहिलं पान सरळ लाइन. दुसऱ्या-तिसऱ्यावर रचणारा रूळ बदलत जातो, कुठे उतरायचं ते कळू देत नाही. चौथ्या पानावर पुन्हा पहिलीच वाट, आणि मुक्काम. पियानोच्या सहा पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. तिथे नाना तोंडानं सूर भरायचे आणि पुढे पळायचे. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाला तरी चिमटे बसताहेत.

पण तिसरं पान संपलं की ते उठायचे. रोज.

"नाना रोज तठेच थांबतस," क्लबचा चौकीदार मला म्हणाला. आम्ही दोघं हसलो. पुढचं येत नाही, दुसरं काय.

अखेर आमची मागणी मान्य झाली. रविवारी बाजा मालधक्क्यावर जाणार, तिथून मुंबईच्या गिऱ्हाइकाकडे. नानांना सांगायला मीच गेलो. ते भांडतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ते नुसतं "बरं" म्हणाले. त्याचाच मला राग आला.

"नऊ वर्षांत शेवटचं पान जमलं नाही तुम्हाला. आता दोन दिवसांत काय होणार?"

"जमतं की. दोन वर्षं झाली जमून."

"मग वाजवत का नाही?"

नानांनी माझ्याकडे नवशिक्या पोर्टरकडे बघावं तसं पाहिलं. "पुढच्या स्टेशननं 'गाडी घेतो' म्हटल्याशिवाय इकडून ती सोडता येत नाही. नोकरीत मी विचारायचो, पलीकडून कुणीतरी हो म्हणायचं, आणि गाडी पोचली की 'आली' म्हणून कळवायचं. रोज, बारा महिने. इथे विचारू कोणाला? चौकीदार झोपतो."



रविवारी हमाल बैलगाडी घेऊन दाराशी आले. त्यांना मी थांबायला सांगितलं आणि आत खुर्ची ओढून बसलो. नानांनी मागे वळून पाहिलं नाही.

"घेतोस?"

"घेतो."

त्यांनी वाजवलं. दुसऱ्या पानावर बोटं दोनदा घसरली. मुक्या पट्ट्यांवर ते गुणगुणले आणि मला हसू आलं नाही. तिसरं पान संपलं, ते उठले नाहीत. चौथं बरंच हळू आवाजात होतं. मला गाण्यातलं कळत नाही. करंगळी थांबली नाही, एवढं मी पाहिलं.

संपल्यावर ते तसेच बसून राहिले. ते वाट पाहताहेत हे मला उशिरा कळलं.

"आली, नाना," मी म्हणालो.

त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, शेवटच्या ओळीखाली वेळ लिहिली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी सही केली.

मग ते बाजूला झाले आणि हमालांना म्हणाले, "डावीकडे दोघं लागा रे. ती बाजू जड शे."

हमाल तिघंच होते. डावीकडे मी लागलो.