आम्रपालीचा होकार आणि घरचा सर्व्हर

"बाबा, मेल वापस आला!"

आम्रपालीच्या ओरडण्याने शेवंताच्या हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं आणि प्रेमानंद रामटेके अर्ध्या दाढीनिशी बाहेर आले. मेल साधासुधा नव्हता. नागपूरच्या एका कॉलेजात आम्रपालीची ग्रंथपाल म्हणून निवड झाली होती आणि 'मला ही नोकरी मान्य आहे' एवढं एक वाक्य आज संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं. न कळवल्यास पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल, असं पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं. दोन वर्षं मुलाखती देऊन लागलेली पहिली नोकरी, आणि साडेनऊला पाठवलेला होकार पावणेदहाला 'स्वीकारता येत नाही' असा इंग्रजी शेरा घेऊन भिलाईजवळच्या रिसालीतल्या घरी परतला होता.

"मी म्हनलं होतं बाबा, अर्जात जीमेलचा पत्ता देऊ द्या!"

"लोकाच्या घरी आपलं टपाल कावून ठेवाचं? आपला सोताचा सर्व्हर आहे न!"

भिलाईच्या कारखान्यात तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं चौतीस वर्षं दुरुस्त करून प्रेमानंद निवृत्त झाले होते. असा माणूस रिकामा बसला की घराचं काय होतं, ते शेवंताला विचारावं. पहिल्या वर्षी त्यांनी मिक्सर उघडला, दुसऱ्या वर्षी इन्व्हर्टर, आणि तिसऱ्या वर्षी जुन्या कॉम्प्युटरवर घरचा मेल सर्व्हर उभा केला. घरातल्या तिघांना तीन पत्ते मिळाले. शेवंताला मेल पाठवणारं कुणी नव्हतं, म्हणून प्रेमानंदच हॉलमधून स्वयंपाकघरात पाठवायचे : 'आजची भाजी उत्तम.'

"दुसऱ्या पत्त्यावरून धाड न मंग," शेवंता म्हणाली.

"नाई चालत आई. अर्जातल्या पत्त्यावरूनच पायजे म्हणून लिवलं आहे."

प्रेमानंदांनी गालावरचा फेस टॉवेलने पुसला. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच खराखुरा ब्रेकडाऊन! "घाबरू नको बेटा. पयले पॉवर, मंग लाइन, मंग सिग्नल. दहा मिनटात दुरुस्त करतो."

दहा मिनिटांत त्यांनी वायर काढून लावली, मशीन बंद करून चालू केलं आणि होकार पुन्हा पाठवला. तो पुन्हा परत आला. या वेळी त्यांनी शेरा चष्मा लावून मोठ्याने वाचला आणि त्यांचा उरलेला अर्धा गालही लाल झाला.

"सेंडर ब्लॉक्ड? मले? चौतीस वर्षांत एक चार्जशीट नाई भेटली मले!"

बदमाश सर्व्हरांच्या याद्या ठेवणाऱ्या साइट्स इंटरनेटवर असतात. त्यातल्या एका यादीत प्रेमानंदांना दुपारी एकच्या सुमारास आपल्या इंटरनेट लाइनचा नंबर सापडला. नाव काढण्यासाठी अर्ज होता आणि त्यात 'कारण' असा रकाना होता. प्रेमानंदांनी तिथे आपली पूर्ण नोकरी लिहिली, सुरक्षा सप्ताहातल्या दोन बक्षिसांसकट. लगेच उत्तर आलं, सात दिवसांत विचार करू.

"सात दिवस!" आम्रपाली रडकुंडीला आली. "बाबा, पाचला चार तास राहिले!"

"मंग लाइनचा नंबरच बदलवून टाकू," प्रेमानंद टाळी वाजवून म्हणाले आणि त्यांनी कोहका भागातल्या भैयालालला फोन लावला. भैयालाल इंटरनेटच्या तारा जोडायचा. तो स्कूटरवर हजर झाला, छतावर चढला, उतरला, डबा उघडून काहीतरी केलं आणि हात झटकले.

"लो साहब, नया नंबर. अब तो दौड़ेगा."

दौडला खरा, पण घराकडेच. आता शेरा होता, की या नंबरवरून येणारे तुम्ही कोण, आम्ही ओळखत नाही.

"पयले ओळखूनशान नाई म्हनत होते, आता ओळखतच नाई!" प्रेमानंदांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी नवा नंबर जिथे जिथे नोंदवायचा तिथे तिथे नोंदवला आणि होकार पाठवत राहिले. चार वाजेपर्यंत तो अकरा वेळा गेला आणि अकरा वेळा परत आला.

अकराव्या वेळी आम्रपाली ओरडली नाही. ती नुसतीच पलंगावर बसून राहिली. ते पाहिलं आणि प्रेमानंदांचा सगळा उत्साह एकदम ओसरला. आपल्या हौसेपायी पोरीची नोकरी जाणार, हे त्यांना दिवसभरात पहिल्यांदा नीट कळलं.

"जीमेलच बरं होतं बेटा," ते हळूच म्हणाले.

शेवंता मात्र सकाळपासून एकच काम करत होती. दर पाच मिनिटांनी ती कॉलेजचा फोन लावायची आणि तो दर वेळी एंगेज यायचा. चार वाजून वीस मिनिटांनी तो लागला. तिने घाईघाईने स्पीकर दाबला. पलीकडे देवानंद नावाचा, कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळणारा तरुण होता.

"रामटेके? आम्रपाली रामटेके, भिलाई?" देवानंद जवळजवळ किंचाळला. "ताई, तुमचा होकार तं साडेनऊलेच भेटला! प्राचार्य मॅडमनं सही बी केली!"

आम्रपालीने टुणकन उडी मारून आईला मिठी मारली.

"मंग वापस कावून येऊन राहिला?" प्रेमानंद.

"काका, आमच्या मशीननं तुमाले पोच देल्ली. त्या पोचेवर तुमच्या मशीननं लिवलं, सप्रेम जय भीम, आपले पत्र मिळाले, आवक क्रमांक एक. त्यावर आमच्या मशीननं पोच देल्ली. मंग आवक क्रमांक दोन. पंधरा मिनटात तेराशे बारा झाले! आमची पेटी भरली, बाकीचे उमेदवार सकाळपासून फोन करून राहिले. शेवटी मी तुमाले ब्लॉक केलं. पावणेदहाले वापस आली ते तुमची पोच होती, होकार नाई."

प्रेमानंद खाली बसले. कारखान्यात कागद घेतला की सही-शिक्का देऊनच घ्यायचा, ही जन्माची शिस्त त्यांनी सर्व्हरलाही लावली होती. एका माणसाला दिवसातून एकदाच पोच जावी, अशी सर्व्हरमध्ये सोय होती, पण ती त्यांना उद्धट वाटली म्हणून त्यांनी काढून टाकली होती. बाहेरून येणाऱ्या पोचा वेगळ्या कप्प्यात टाकायलाही त्यांनीच शिकवलं होतं. तो कप्पा आज कुणी उघडलाच नव्हता.

"तेराशे बारा," ते पुटपुटले. मग न राहवून विचारलं, "नंबर लायनीनं आले न? मधातला एखादा सुटला तं नाई?"

"बाबा!"

"काका, हात जोडतो," देवानंद म्हणाला. "ब्लॉक काढून राहिलो. आता नियुक्तीपत्र पाठवतो. त्याच्या आधी ते पोचेचं बंद करा."

पोरीच्या नोकरीपुढे शिस्त ती काय! प्रेमानंदांनी स्वतःच्या हातांनी सर्व्हरमधली पोचेची ओळ खोडली. पावणेपाचला नियुक्तीपत्र आलं. आम्रपालीने ते तीनदा वाचलं, शेवंताने डब्यातला गूळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला, निकाल बघायला थांबलेल्या भैयालालच्याही. सर्व्हर गप्प होता. प्रेमानंद त्याच्याकडे बघत गूळ चघळत होते, इतक्यात फोन वाजला.

"काका, देवानंद बोलतो. नियुक्तीपत्र भेटलं का? मॅडम इचारून राहिल्या, अजून पोच कावून नाई आली म्हणून."