चेंबर बहुत खोल है!

"मला कुठल्याही गावात उतरवा, तासाभरात त्या गावाचे दहा दोष काढून दाखवतो!" असं पंढरीनाथ कुंभोजकर छातीवर हात मारून सांगायचे. यात तिळभरही अतिशयोक्ती नव्हती. सांगलीजवळच्या आपल्या गावात चौतीस वर्षं भूगोल शिकवताना त्यांनी जेवढे नकाशे काढले नसतील, तेवढे तक्रारअर्ज लिहिले होते. रस्त्यात बसलेली म्हैस, स्टँडवरचा गळका नळ, दिवसा जळणारे दिवे आणि अंधार पडला की न जळणारे तेच दिवे! आमदारापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. पोस्टमनबद्दल तर दोन होती.

पण मुलगी कस्तुरी इंदूरला नोकरीला लागली, आईबाबांना तिकडेच घेऊन गेली आणि पंढरीनाथांचे ग्रह फिरले.

इंदूरमध्ये तक्रारीला जागाच नव्हती! सकाळी आठला कचरागाडी गाणं वाजवत दारात हजर. रस्ते असे झाडलेले की सांडलेली शेव उचलून खावी. पंढरीनाथ पहाटे उठून फिरायला जायचे, कोपरान् कोपरा तपासायचे आणि हात हलवत परत यायचे. मग सोप्यातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून सोप्यात अशा येरझारा. तीन महिन्यांत त्यांच्या चपलांच्या टाचा झिजल्या.

"अहो, बसा की जरा!" शैलजाबाई म्हणायच्या.

"बसू कसा? विरोधी पक्ष बसला की लोकशाही संपली!"

त्यात भर घालायला घरमालक अप्पासाहेब होते. बडा गणपती मंदिराजवळच्या त्या दुमजली घरात ते वर राहायचे, कुंभोजकर खाली. अप्पासाहेबांचे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते, त्यामुळे अख्खं इंदूर आपल्याच देखरेखीखाली चालतं अशी त्यांची समजूत होती.

"पंढरीनाथजी, पूर्ण शहरात एक कमी दाखवा. फक्त एक!" ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायचे. "नाही दाखवू शकणार, भिया. चॅलेंज आहे आपला!" इंदुरात भैयाचा असा 'भिया' होतो.

आणि एका शनिवारी दुपारी पंढरीनाथांना ती कमी सापडली! तीसुद्धा अप्पासाहेबांच्याच दारासमोर! गटाराच्या चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा खाली बसलं होतं. त्यांनी पट्टी आणून मोजलं. चार इंच खोल! एखादा म्हातारा अडखळून पडला तर? पंढरीनाथांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. त्यांनी लगेच हेल्पलाइनला फोन लावला.

"नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?" एका मुलीचा गोड आवाज आला.

"मैं जागरूक नागरिक पंढरीनाथ कुंभोजकर बोलता है! बडा गणपति के पास हमारे घर के सामने एक चेंबर है. वो बहुत खोल है!"

"जी? खोलना है?"

"हां हां, खोल है! बहुत खोल है!"

"कितना खोलना है, सर?"

"कितना म्हणजे? पूरा खोल है! तीन महिने से मैं इधर है, किसीने देखा नहीं!"

"समझ गई, सर. पूरा खोलना है. हम पूरी चेष्टा करेंगे."

पंढरीनाथांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "क्या करेंगे?"

"चेष्टा, सर! हमारी पूरी टीम चेष्टा करेगी."

"पूरी टीम?" पंढरीनाथ कडाडले. "मैं चौंतीस साल मास्तर था! मेरी आज तक किसीने चेष्टा नहीं की!"

पलीकडचा आवाज एकदम हळवा झाला. "सुनकर बहुत दुख हुआ, सर. चौंतीस साल में आपके लिए किसी ने चेष्टा नहीं की? कोई बात नहीं. अब हम करेंगे. मैं अर्जेंट में डाल देती हूँ."

फोन ठेवून पंढरीनाथ घामाघूम होऊन खुर्चीत बसले. "शैलजा, काय उद्दाम लोक आहेत! टीम बनवून चेष्टा करणार म्हणे! तेही अर्जेंट!"

"तुमची?" शैलजाबाई भाजी निवडत म्हणाल्या. "मग एक माणूस पुरणार नाहीच."

दुसऱ्या दिवशी रविवार. वरच्या मजल्यावर सकाळपासून गडबड चालू होती. अप्पासाहेबांची नात पूर्णिमा हिला बघायला उज्जैनहून पाहुणे येणार होते, बरोबर अकराला. चौथं स्थळ. पहिली तिन्ही काही ना काही कारणाने फिसकटली होती, त्यामुळे अप्पासाहेबांनी या खेपेला काहीच नशिबावर सोडलं नव्हतं. ओटा दोनदा धुतला होता, दाराला तोरण होतं आणि दारासमोर पूर्णिमाच्या आत्याने हातभर रांगोळी काढली होती.

साडेसातला गल्लीत एक पिवळं मशीन घुसलं. मागे चार माणसं आणि एक सुपरवायझर.

"आले! रविवारचे आले!" पंढरीनाथ बनियनवर बाहेर धावले. अप्पासाहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "याला म्हणतात तक्रार! माझ्या एका फोनवर अख्खी यंत्रणा..."

पुढचं वाक्य मशीनच्या धडधडाटात बुडालं. झाकण वर उचलून बसवतील अशी त्यांची कल्पना होती. पण मशीनने आधी रांगोळी फोडली, मग भोवतीचं सिमेंट फोडलं आणि शेवटी झाकणच फोडलं! दोन तुकडे आत पडले आणि आतून वास बाहेर आला. वास कसला, अख्खी मिरवणूक! शेजारच्या घरातलं मांजर भिंतीवरून उलटं फिरलं. पाहुणे त्या वेळी उज्जैनहून निघालेही नसतील, पण तो वास त्यांना घ्यायला वाटेतल्या सांवेरपर्यंत गेला असावा.

अप्पासाहेब रेशमी कुर्त्यात, एका पायात मोजा घालून खाली आले. "अरे भिया, हे काय करून ठेवलं? कोण बोललं तुम्हाला खोदायला?"

"दादा, अपने को तो ऑर्डर है." सुपरवायझरने शांतपणे मोबाइल काढला. "चेंबर खोलना है, पूरा खोलना है, अर्जेंट. हमने खोल दिया. अंदर तो सब साफ है, चोक-वोक कुछ नहीं."

"मग आता बंद करा ना!"

"बंद करने का ऑर्डर नहीं है. ढक्कन भी नया लगेगा. उसकी टीम अलग है, फोन लगा दो." त्याने खड्ड्याचा फोटो काढला आणि चारही बाजूंना चार विटा ठेवल्या.

"पण कंप्लेंट केली कोणी? नाव सांगा त्याचं!"

"नाम... पंढरीनाथ कुं... कुंभो..."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या पंढरीनाथांकडे वळल्या. पंढरीनाथ बनियनकडे बघू लागले, जणू नाव त्यावर छापलेलं आहे!

"अहो, मी खोल म्हणालो होतो!" ते कसेबसे म्हणाले. "खोल! चार इंच! पट्टीनं मोजलंय!"

वरच्या गॅलरीतून हसू फुटलं. पूर्णिमा साडीच्या निऱ्या हातात धरून वाकून बघत होती. "काका, हिंदीत खोल म्हणजे उघड! तुम्हाला गहरा बोलायचं होतं!"

"गहरा?" पंढरीनाथांचा चेहरा उतरला. मग त्यांना काहीतरी आठवलं. "आणि... चेष्टा म्हणजे?"

"कोशिश. प्रयत्न. का?"

फोनवरची ती बिचारी मुलगी हळवी होऊन पंढरीनाथांसाठी प्रयत्न करणार होती आणि ते तिच्यावर मास्तरकीच्या आवाजात ओरडले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पासाहेब ओट्यावर मटकन बसले. आता ते ओरडतही नव्हते. "चौथं स्थळ आहे हो, पंढरीनाथजी," एवढंच म्हणाले. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"मी केलंय, मीच निस्तरतो!" असं म्हणत पंढरीनाथांनी फोन लावला. कस्तुरी "बाबा, नको! मी बोलते!" म्हणत धावली, पण उशीर झाला होता. या वेळी पलीकडे पुरुषाचा आवाज होता. पंढरीनाथांनी ठरवलं, जास्त बोलायचंच नाही. एकच शब्द, सोपा, दोन्ही भाषांत सारखा.

"कल की शिकायत है. बंद करो! अभी के अभी बंद करो!"

"जी, बिलकुल." दोन सेकंद गेले. "बंद कर दी, सर."

"इतक्यात?" पंढरीनाथांनी खड्ड्याकडे बघितलं. खड्डा आ वासून तसाच होता. तेवढ्यात मोबाइल टुंग वाजला. कस्तुरीने मेसेज वाचला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, त्यांनी तक्रार बंद केली! चेंबर नाही, तक्रार!"

मग पूर्णिमा खाली आली. पैठणी, नथ, गजरा सगळं अंगावर. तिने पंढरीनाथांच्या हातातून फोन घेतला आणि पदर कमरेला खोचला.

"भिया, सुनो. बडा गणपति के पीछे चेंबर खुला पडा है, ढक्कन टूट गया. शिकायत बंद मत करो, चेंबर बंद करो! और ग्यारह के पहले, क्योंकि लडकेवाले आ रहे हैं... अरे, किसकी क्या? मेरी! मुझे ही देखने आ रहे हैं!"

पलीकडचा माणूस इतका हसला की गल्लीला ऐकू आलं. "दीदी, टीम निकल गई समझो!"

पण तीन तास झाले तरी टीमचा पत्ता नव्हता आणि पाहुणेच आधी पोहोचले. दहा चाळीसलाच गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली! अप्पासाहेबांनी धावाधाव करून खड्ड्यावर एक फळी टाकली. कुणी पडू नये म्हणून पंढरीनाथांनी कस्तुरीचं स्कूटरवर घालायचं चमकतं पिवळं जाकीट चढवलं आणि फळीच्या टोकाशी हात पुढे करून उभे राहिले. निदान एवढं तरी नीट करू!

गाडीतून मुलाचे वडील बाळकृष्णराव उतरले. मागे त्यांची पत्नी यशोधराबाई आणि मुलगा मानस. पंढरीनाथांनी यशोधराबाईंना हात देऊन अलगद पलीकडे नेलं. मग मानसला. शेवटी आलेले बाळकृष्णराव मात्र फळीच्या मधोमध थांबले आणि पंढरीनाथांना न्याहाळू लागले.

"वा!" ते म्हणाले. "रविवारी! या वयात! यालाच म्हणतात सेवा! यशोधरा, बघितलंस? आणि लोक उगाच घरात बसून तक्रारी करतात! मी तर म्हणतो, तक्रार करणाऱ्यालाच एक दिवस या खड्ड्यात उभं करायला पाहिजे! काय?"

"हो," पंढरीनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही मराठी? मग तर बोललंच पाहिजे. तुम्ही रस्त्यावर काम करता, सगळं जवळून बघता. सांगा, एकंदर या व्यवस्थेबद्दल, राजकारणाबद्दल, समाजाबद्दल तुमचं मत काय आहे?"

तीन महिने! तीन महिने इंदुरात पंढरीनाथांना कुणी मत विचारलं नव्हतं. त्यांच्या छातीत आमदार, पेन्शन, निवडणुका, मोबाइल आणि तरुण पिढी यांची एकच रेटारेटी झाली. तोंड उघडलं गेलं. पण ओट्यावर अप्पासाहेब दोन्ही हात जोडून उभे होते. एका पायात मोजा.

"मत... काही नाही," पंढरीनाथ म्हणाले. असं वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे नीट जमलंही नाही. "तुम्ही... फळी नीट ओलांडा."

अकराला पाच कमी असताना नवं झाकण घेऊन दुसरी टीम आली आणि वीस मिनिटांत चेंबर बंद करून गेली. वर पोहे, जिलबी आणि चहा चालू होता. पण बाळकृष्णरावांचं पोह्यात लक्ष नव्हतं. "त्या म्हाताऱ्या कर्मचाऱ्याला वर बोलवा हो! चहा पाजू! असे लोक आता राहिले नाहीत!" असं त्यांनी तीनदा म्हटल्यावर अप्पासाहेबांचा नाइलाज झाला.

पंढरीनाथ वर आले. जाकीट काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. हातात कप आला आणि त्यांना राहवेना.

"साहेब, मी कर्मचारी नाही. मी खालचा भाडेकरू. तो चेंबर मीच उघडायला लावला. ह्यांची काही चूक नाही, मुलगी तर फार गुणाची आहे. त्या खड्ड्यात उभं करायचा माणूस मीच!" आणि मग खोल, चेष्टा, बंद सगळं सांगून टाकलं.

अप्पासाहेबांनी डोळे मिटले. आणि मानसच्या नाकातून चहा आला! तो इतका हसला की यशोधराबाईंनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. "पण मग तो बंद कसा करवला?" त्याने विचारलं, आणि विचारताना तो पंढरीनाथांकडे नव्हे, पूर्णिमाकडे बघत होता. तिने सांगितलं. ती दोघं त्यानंतर अर्धा तास बोलत होती आणि बाळकृष्णरावांना मधे एकही मत मांडायला संधी मिळाली नाही.

पंधरा दिवसांनी होकार आला.

लग्नाच्या तयारीची बैठक ओट्यावर भरली. अप्पासाहेबांनी सगळ्यांना कामं वाटली. शैलजाबाईंकडे रुखवत, कस्तुरीकडे पत्रिका. पंढरीनाथ केव्हाचे चुळबुळत उभे होते.

"आणि मी?"

"तुमचं काम सगळ्यात जबाबदारीचं आहे, पंढरीनाथजी," अप्पासाहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मंडपवाला, हलवाई, बँडवाला आणि घोडीवाला. या चौघांपैकी कोणाशीही एक अक्षर बोलायचं नाही!"

"बरं," पंढरीनाथ म्हणाले.

चौतीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच नुसतं 'बरं' म्हणाले होते. शैलजाबाईंनी हात लावून त्यांना ताप आहे का ते बघितलं.